दोघी जात असाल तर

रस्त्याकडेच्या बाभळींना पुन्हा कापूस लागला आहे. दारव्ह्याकडून यवतमाळला येणारी वाहनं इतकी गच्च भरलेली असतात की ताडपत्रीच्या दोन्ही बाजूंनी कापूस फुगून बाहेर येतो, आणि वळणावर काट्यांना त्याचे पुंजके अडकून राहतात. दिवाळीनंतर हे सुरू होतं आणि ऊन तापेपर्यंत चालतं. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, झाडं फुलली आहेत. आम्हाला कळतं की हंगाम आला. मला या दिवसांत आणखी एक गोष्ट कळते, की आता काही आठवडे संध्याकाळी घरात दिवा लावायला मला उशीर होणार आहे.

ईरा, नील, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. तुमचे बाबा वाचून दाखवतील. मध्येच ते थांबले तर त्यांना थांबू द्या. यातलं बरंचसं त्यांनाही माहीत नाही.

गेल्या आठवड्यात ईराचा फोन आला. माझा सकाळचा चहा चालला होता, तुमच्याकडे शाळा सुटली होती. नवं वर्ष सुरू झालं म्हणून बाईंनी वर्गाला काम दिलं होतं. या वर्षी स्वतःत काय बदल करायचा, अभ्यासात कुठवर पोचायचं आणि पुढे कोण व्हायचं, हे प्रत्येकाने ठरवून यायचं. शिवाय घरातल्या एका मोठ्या माणसाला विचारायचं, की तुम्ही आमच्याएवढे होता तेव्हा काय ठरवलं होतं.

"आजी, तुझा गोल काय होता?" ईरा म्हणाली.

मी जन्मभर वर्गात उभी राहिलेली बाई. नीट, मुद्देसूद उत्तर दिलं. इंग्रजी घेऊन बी.ए. व्हायचं, मग एम.ए., मग कॉलेजात शिकवायचं. ठरवलं आणि केलं.

"म्हणजे तू अचीव्ह केलंस," ईरा म्हणाली.

मी हो म्हटलं. फोन ठेवला, कप विसळून पालथा घातला, आणि तेव्हा वाटलं की इतका वेळ खोलीत कुणीतरी ऐकत बसलं होतं. माझं उत्तर तिला अपुरं वाटलं होतं.

ती शशी. माझी मामेबहीण. वणीकडच्या एका खेड्यात तिचं घर होतं. तिथली शाळा सातवीपर्यंतच, म्हणून मामाने तिला दारव्ह्याला आमच्याकडे आणून ठेवलं. तेव्हा सगळेच असं करत. ज्याच्या गावात हायस्कूल, त्याच्या घरी नात्यातली एखाददोन मुलं असायचीच. ती माझ्याच वर्गात आली. उंचीही सारखी. आई दोघींना एकाच ताग्यातलं कापड घ्यायची, त्यामुळे मागून पाहणाऱ्याला कोण कोणती ते कळत नसे. पुढून मात्र घोटाळा होणं शक्य नव्हतं. शशीच्या भुवया मधोमध जुळलेल्या होत्या आणि ती माणसाकडे, झाडाकडे, भिंतीकडे माप घेतल्यासारखी पाहायची.

शशी अठरा वर्षांचीही झाली नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे तुम्ही वेगळ्या शेवटाची वाट पाहत बसणार नाही.

*

आमच्या घरातली मागची खोली एरवी आम्हा मुलींची. पण हंगामात ती कापसाची व्हायची. चांगला भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवायचा, ही आमच्याकडची पद्धत. पहिल्या वेच्याचा कापूस आला की बाबा खाटा बाहेर काढत, आणि आम्हाला त्या ढिगावर चढवून तुडवायला लावत. तुडवला की जास्त मावतो. सुरुवातीला पाय गुडघ्यापर्यंत आत जायचे. आठवडाभराने तो जरा घट्ट व्हायचा, मग वर दुसऱ्या वेच्याचा थर पडायचा. मॅट्रिकच्या वर्षी पीक असं आलं की कापूस खिडकी झाकून वर गेला. शेवटी आढ्याखाली दोघी जणी वाकून बसतील एवढीच जागा उरली. कौलांत एक काच बसवलेली होती, तिच्यातून उजेडाचा चौकोन पडायचा. त्या चौकोनाभोवती आम्ही पुस्तकं ठेवली आणि मार्चपर्यंत तिथेच अभ्यास केला.

तिथे बसलेल्या माणसाला ती खोली विसरता येत नाही. थंडीतही आत ऊब असते, सरकीचा तेलकट, कोरडा वास असतो. संध्याकाळपर्यंत मान आणि कोपरं खाजून लाल होतात. आणि आवाज मरतो. एरवी चार भिंतींच्या खोलीत बोललेलं क्षणभर घुमतं, तसं तिथे काही होत नाही. तोंडातून निघालेला शब्द समोरच्या कानात गेला तर गेला, नाहीतर कापूस तो पिऊन टाकतो. स्वयंपाकघरातून आईने मारलेली हाक आम्हाला कधीच ऐकू आली नाही, आणि त्याबद्दल रोज बोलणी खावी लागली.

दिव्याला मात्र सक्त बंदी. कंदील नाही, चिमणी नाही, काडीपेटी तर नाहीच.

"एक ठिनगी पडली तं कापूसबी जाईन आन तुमीबी," आई म्हणायची. "दोन पोरीइची राख वेगवेगळी कोन करत बसन मंग?"

आई असंच बोलायची. त्यात प्रेम होतं, फक्त ते शोधावं लागायचं.

तर दिवस कलला की काचेतला चौकोन आधी पिवळा व्हायचा, मग राखाडी, मग पुस्तकातली अक्षरं एकमेकांत मिसळायची. खाली उतरलं तर कुणीतरी कणीक पुढ्यात ठेवणार, कुणीतरी कडेवर मूल देणार. म्हणून आम्ही वरच राहायचो. पुस्तकं मिटायची आणि तोंडी अभ्यास सुरू.

"सांग," शशी म्हणायची.

मग मी इंग्रजीची कविता म्हणायची, शब्दांचे अर्थ सांगायची, इतिहासातली कारणं आणि परिणाम सांगायची. ती चुका काढायची. तिचं इंग्रजी कच्चं होतं पण कान पक्का. तिची पाळी आली की भूमिती. अंधारात भूमिती कशी करायची, हा प्रश्न तिला पडायचाच नाही. माझा तळहात ओढून घ्यायची आणि त्यावर बोटाने त्रिकोण काढायची. हा पाया. ही उंची. आता ही रेघ इथून खाली सोडली तर काय होईन? सांग. मला गणितात जे काही मार्क मिळाले ते या तळहातावर मिळाले.

उजेड जात असताना आधी तिचा चेहरा जायचा, मग पांढरा परकर, मग हात. आवाज उरायचा. आणि तोही, कापसामुळे, माझ्यापुरताच.

आजही या दिवसांत संध्याकाळी मी खुर्चीवर बसते. नळ नीट बंद केलेला असतो, गोळ्यांची डबी जागेवर असते, दाराला कडी असते. उजेड जायला लागतो आणि मी उठत नाही. कामाला येणारी मीना म्हणते, आजी वीज वाचवून राह्यल्या. मी तिला तसं समजू देते. भिंतीवरचं घड्याळ दिसेनासं होतं, माझे स्वतःचे हात दिसेनासे होतात, आणि अगदी जवळ, कुठेही न घुमता, कुणीतरी म्हणतं, सांग.

*

आमच्या हायस्कूलची एक रीत होती. ती मी पुढे कुठल्याच शाळेत पाहिली नाही. मॅट्रिकच्या मुलांना निरोप द्यायचा त्या दिवशी एकेकाने पुढे येऊन, पालक आणि गावातली मंडळी बसलेली असताना, आपण कोण होणार ते मोठ्याने सांगायचं. हेडमास्तरांचं म्हणणं होतं की चारचौघांत सांगितलेलं माणसाला सहजासहजी सोडता येत नाही. झालं उलटंच. माणसांनी सोडलं, गावाने सोडलं नाही. जो जे बोलला ते त्याचं नाव झालं. एकाने फौजदार होईन म्हटलं होतं. त्याचं बाजारात किराणा दुकान आहे. दुकानावर पाटी वडिलांच्या नावाची, पण सगळा दारव्हा त्याला फौजदारच म्हणतो. त्याची नातवंडं फौजदाराची नातवंडं. एक डॉक्टर आहे, तो आयुष्यभर एस.टी.त कंडक्टर होता. त्या दिवशी बोललेली आमची सगळी ध्येयं अजून त्या गावात हिंडतात, भलत्याच माणसांच्या अंगावर चढून.

मी पुढे जाऊन पाठ केलेलं वाक्य म्हटलं. कॉलेजात इंग्रजी शिकवीन. टाळ्या पडल्या, आणि संध्याकाळपर्यंत मी म्याडम झाले.

शशीने सांगितलं, "मी जमीन मोजीन."

कुणाला कळेचना. हेडमास्तरांनी विचारलं, म्हणजे काय होणार? "मोजणीवाला येते ना सर साखळी घेऊन. थो."

मंडळी हसली. मागून एक जण म्हणाले, "बाईमानूस साखळी वढन काय?"

"वढीन."

"आन काट्यात लुगडं अटकलं तं?"

"तं तुमालेच हाक मारीन काका सोडवाले."

मग तर हशा थांबेना. पण शशी गंमत करत नव्हती. ती लहान असताना तिच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या मामाचं, शेजारच्या शेतकऱ्याशी धुऱ्यावरून भांडण होतं. दोन शेतांमधला तो बांध, तो कुणी किती सरकवला यावरून दोन घरं एकमेकांच्या लग्नाला जात नव्हती. शेवटी मोजणीवाला आला. त्याने साखळी टाकली, झेंड्या रोवल्या, कागदावर काहीतरी मांडलं आणि बोट दाखवून म्हणाला, हद्द इथे. तिथे उभी असलेली सगळी माणसं गप्प झाली. "मंदे, आमचा बाबा आन थो बुढा, दोघंबी गप," शशी मला सांगायची. "कोनी वरडलं नाई. नुसतं मोजलं, आन भांडन संपलं." तिला ते हवं होतं. ओरडाआरडा चाललेल्या जागी जाऊन मोजायचं आणि सगळ्यांना गप्प करायचं.

गावाने तिला मोजणीवाली म्हटलं. मागच्या महिन्यात मी दारव्ह्याला गेले होते तेव्हा फौजदाराच्या दुकानात शिरले. त्याने स्टूल दिलं, चहा मागवला, तुमची सगळ्यांची चौकशी केली आणि म्हणाला, "आन म्याडम, तुमची थे मोजणीवाली? कुठं रायते आता? लय वर्सं झाले दिसली नाई."

ती गावची नव्हती, गेली तीही गावाबाहेर. त्याला कुणी सांगितलं नसेल. इतक्या वर्षांत त्याच्या मनात ती कुठेतरी साखळी घेऊन हिंडते आहे, वय वाढलेली, बहुधा केस पिकलेली. मी त्याच्याकडून एक किलो साखर घेतली आणि निघाले.

*

आम्ही दोघी पास झालो. शशीला गणितात माझ्याहून कितीतरी जास्त मार्क होते. हेडमास्तर स्वतः घरी आले, ओसरीवर बसले आणि बाबांना म्हणाले, मुलींना पुढे पाठवा.

त्या दिवशी काय पणाला लागलं होतं ते तुम्हाला आज समजणं अवघड आहे. आमच्या घरातली एकही मुलगी मॅट्रिकच्या पुढे गेली नव्हती. माझ्यासाठी दोन स्थळं येऊन गेली होती. बाबा नाही म्हणाले असते तर पुढच्या हंगामात मी कुणाच्या तरी घरी कापूस तुडवत असते, एवढं मला स्पष्ट दिसत होतं.

बाबांनी बराच वेळ पान लावण्यात घालवला. मग म्हणाले, "दोघी जात असान तं पाठोतो. एकटी पोरगी मी गाडीत बसोत नाई."

हा काही त्यांचाच नियम नव्हता. त्या वेळी आमच्या भागातून ज्या मुली शिकायला बाहेर पडल्या त्या जोडीनेच पडल्या. बहिणीबहिणी, नाहीतर शेजारणी. सोबत असेल तर मुलगी, नाहीतर नाही.

हेडमास्तर म्हणाले, मंदाला यवतमाळला इंग्रजी मिळेल. शशीला मात्र अमरावतीला जावं लागेल. मोजणीचा, बांधकामाचा अभ्यास तिथे आहे. मुलगी अजून कुणी गेली नाही, पण जाऊ नये असंही कुठे लिहिलेलं नाही.

"अमरावती दूर हाय," बाबा म्हणाले.

आमच्या घरी अंतर मैलांवर ठरत नसे. गाडी बदलावी लागते की नाही यावर ठरायचं. दारव्ह्याहून छोटी रेल्वे थेट यवतमाळला जायची, म्हणून यवतमाळ अंगणात. अमरावतीला जायचं तर मुर्तिजापूरला उतरून दुसरी गाडी, म्हणून अमरावती परमुलखात. अमरावतीला इंग्रजीही शिकवतात, तिथे दोघींचंही झालं असतं, हे त्या ओसरीवर कुणाच्याच मनात आलं नाही. मला ते बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी समजलं, सहज, कुणाच्या तरी बोलण्यातून. तोवर काही उपयोग उरला नव्हता.

शशी खाली बसून तुरीची डाळ निवडत होती. बाबांनी तिला विचारलं, "शशे, तू सांग. जातं का इच्यासंग?"

सगळे तिच्याकडे पाहायला लागले. मी पाहिलं नाही. मी सुपाकडे पाहत होते. तिचं बोट खडा शोधत फिरत होतं ते एका जागी थांबलं.

"जाईन मामाजी," ती म्हणाली. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात.

"आन तुयी मोजणी व माय?" आईने विचारलं.

"जमीन काय पळून राह्यली का आत्या? जाते कुठं?"

सगळे हसले. बाबाही हसले, आणि माझं जाणं ठरलं.

खूप वर्षांनी मी मामाच्या गावी गेले होते. म्हणजे गाव जिथे होतं तिथे. आता तिथे उघडी कोळसा खाण आहे. धुरा नाही, शेत नाही, दोन्ही घरं नाहीत. जमिनीत पायऱ्यापायऱ्यांचा एक खड्डा उतरत गेला आहे आणि तळाशी ट्रक मुंग्यांसारखे फिरतात. काठावर उभी राहून मी तो धुरा कुठे असेल याचा अंदाज घेऊ लागले आणि मला तो घेता येईना. शशीला आला असता.

*

यवतमाळच्या वसतिगृहात आम्हाला एक खोली मिळाली. दोन खाटा, दोन ट्रंका, एक खिडकी. शशी माझ्यासोबत माझ्याच वर्गात बसायची, माझेच विषय घ्यायची. तासाला तिचं लक्ष खिडकीबाहेर असायचं. पहिल्या महिन्यातच तिने आवाराची लांबी-रुंदी पावलांनी काढली आणि वसतिगृहाच्या बाईंना सांगितलं की तुमचं कुंपण मागच्या बाजूला वाकडं गेलं आहे, शेजाऱ्याने जागा खाल्ली. बाई रागावल्या. नंतर गुपचूप जाऊन पाहून आल्या, हे आम्ही वरून पाहिलं.

एकदा मी तिला विचारलं, "नाराज हायस का माह्यावर?"

"कायले?"

"माह्यापायी तुले इथं यावं लागलं."

ती ट्रंकेवर पाय ठेवून शेंगा खात होती. म्हणाली, "मी मोजून राह्यली ना वं."

"काय?"

"तुले एकटं राहाले किती दिवस लागते थे. वर्सभर लागन असं दिसते. रात्री बाहेर जाच्या आधी मले उठवतं, बाजारात माह्या पदराले धरतं. पुढच्या वर्सी मामाजीले दिसलं का मंदी एकटी राह्यते, कोनी तिले खात नाई, का मी सुटली. मंग अमरावती."

म्हणजे तिने काही सोडलं नव्हतं. फक्त एक वर्ष पुढे सरकवलं होतं, आणि मधलं वर्ष मला दिलं होतं. ईरा, तुझ्या शाळेत ध्येयापुढे तारीख लिहायला सांगतात ना? शशीने तिची तारीख माझ्या भीतीवर टाकली होती. माझी भीती गेली की तिची गाडी सुटणार.

मी त्यानंतर बाजारात तिचा पदर धरायचं सोडलं. ते फार जड गेलं.

मग पुन्हा कापसाचा हंगाम आला. वसतिगृहाच्या खिडकीतून बैलगाड्यांच्या रांगा दिसायच्या. संक्रांतीसाठी मामा तिला न्यायला आला. तिला थोडी कणकण होती. मी म्हटलं, नको जाऊ. ती म्हणाली, चार दिवसांत येतो, तोवर एकटी झोपून दाखव. दारातून परत आली, खिडकीचा कोयंडा लागत नाही त्यात कागद कोंबायचा असतो हे मला पुन्हा एकदा दाखवलं, आणि गेली. दोरीवर तिचा टॉवेल वाळत होता.

मी एकटी झोपून दाखवलं. ती आल्यावर सांगायला मी ते सगळं मनात जुळवून ठेवलं होतं.

चार दिवस झाले, आणखी काही दिवस गेले, आणि एका दुपारी बाबा आले. वसतिगृहात पुरुषांना वर येऊ देत नसत. पण बाई स्वतः त्यांना खोलीपर्यंत घेऊन आल्या आणि दारातून मागे फिरल्या, त्यावरूनच मला समजलं. ताप डोक्यात गेला, बाबा म्हणाले. आम्ही पोचलो तवा बोलत नव्हती. ते सगळं आटोपूनच आले होते. मला कुणी नेलं नव्हतं. मी तिला आजारी पाहिलं नाही, गेलेली पाहिलं नाही. माझ्याकडे तिचं शेवटचं जे आहे ते खिडकीत कागद कोंबणारी पाठमोरी शशी, माझ्यासारख्याच कापडाच्या पोलक्यात.

बाबा तिच्या खाटेकडे पाहत उभे होते. बसले नाहीत.

"चाल," ते म्हणाले. "सामान भर."

मी हलले नाही.

"मंदे, आयकून राह्यली का? चाल घरी."

"मले नाई येयाचं."

"मले नाई येयाचं म्हने. आता तुले सोबत कोन हाय इथं?"

मी म्हटलं, "शशी हाय."

मी ते का म्हटलं, हे मी अनेक वर्षं स्वतःला विचारत आले आहे. शिक्षण सुटू नये म्हणून घाईत सापडलेली ती पळवाट होती का? की खरोखरच मला तसं वाटत होतं, त्या क्षणी, दोरीवर टॉवेल असताना? दोन्ही उत्तरं मी देऊन पाहिली आहेत. संध्याकाळी शशी त्यातलं कोणतंच बरोबर धरत नाही.

बाबांनी वाकून खाटेखालची शशीची ट्रंक ओढली. मामाला नेऊन द्यायची होती. ती उचलून ते दारापर्यंत गेले. तिथे थांबले. त्यांची पाठ माझ्याकडे होती, मला चेहरा दिसला नाही. मग ते वळले, ट्रंक परत खाटेखाली सरकवली, पायाने नीट भिंतीला लावली.

"मंग हे इथंच राहू दे," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

*

त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. जूनमध्ये त्या खाटेवर दुसरी मुलगी आली, मग तिसरी. ट्रंक तिथेच राहिली. बाबा दर महिन्या-दोन महिन्यांनी गाडीने यायचे, खाली बाकावर बसायचे आणि पिशवीतून पुड्या काढायचे. हरभऱ्याचे सोले असोत, बोरं असोत, आईने केलेले लाडू असोत, पुड्या नेहमी दोन असायच्या, सारख्या बांधलेल्या. मी दोन्ही घ्यायची. ते माझ्या अभ्यासाची चौकशी करायचे, तब्येतीची करायचे, आणि उठताना एकदा वर खिडकीकडे पाहायचे. एकटी मुलगी आपण गाडीत बसवत नाही हा त्यांचा नियम त्यांनी शेवटपर्यंत मोडला नाही.

नील, तू परवा मध्येच म्हणालास की आजी, एवढं जुनं कशाला आठवायचं. मी आठवत नाही रे. मी आपली व्यवस्थित राहते, वेळेवर जेवते, वेळेवर फिरायला जाते. पण एस.टी.त बसले की शेजारच्या जागेवर पिशवी ठेवत नाही. तिथे कुणी बसलं तर मला त्या माणसाचा जरा राग येतो. माझ्या हातून जे जे झालं, पहिला तास, पहिला पगार, तुमच्या बाबांचा जन्म, निवृत्तीचा हार, त्या प्रत्येक वेळी मला वाटलं की हे दोघींच्या नावावर पडतं आहे आणि यातलं एक नाव दुसरीकडे जायला निघालं होतं. तिला नुसतं एक वर्ष थांबायचं होतं.

म्हणून ईरा, तुझ्या बाईंनी दिलेल्या कामात माझ्याबद्दल लिहिशील तेव्हा ते "अचीव्ह केलं" वगैरे लिही, खोटं नाही ते. खाली जागा उरली तर असं लिही की आजीला त्यासाठी सोबत होती आणि त्या सोबतीला जमीन मोजायची होती. बाईंनी विचारलं की पुढे तिचं काय झालं, तर सांग की आजीला विचारून सांगते.

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा मी दारव्ह्यालाच होते. दुपारी बाबा बाजारातून पेढ्यांचा मोठा खोका घेऊन आले. देवापुढे ठेवला, आईला पेढा दिला, मला दिला. मग टोपी घालून गल्लीत वाटायला निघाले. मी दारात उभी होते. पहिलंच घर काशीबाईंचं. त्या पोत्यावर बसून वाल सोलत होत्या.

"घ्या वहिनी," बाबा म्हणाले. "पोरी पास झाल्या."

काशीबाईंनी पेढा घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "पोरी? दुसरी कोन भाऊजी?"

बाबांनी खोका त्यांच्यापुढे थोडा आणखी सरकवला. "घ्या, अजून एक घ्या," एवढंच म्हणाले, आणि त्यांनी दुसरा पेढा उचलेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग ते पुढच्या दारात गेले, आणि तिथेही त्यांनी तेच सांगितलं.